दोन शिक्के आणि एक पाणपोई

रबरी शिक्का एकदम सपाट दाबू नये. आधी त्याची एक कड टेकवावी, मग हलकेच दुसरीकडे कलवावा, म्हणजे सगळी अक्षरं सारखी उठतात. ही विद्या मला एका निवृत्त पोस्टमास्तरांनी दिली. ते तेव्हा आमच्या रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात होते, नाकात नळी आणि हातात सलाईन. त्यांच्या रक्ताच्या तपासणीवर मी चुकीचा शिक्का मारला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांना तो फक्त पुसट दिसला.

मी जन्मभर जंतूंची नोकरी केली. आमच्या सोसायटीत अजून माझी ओळख ‘ते रक्त काढायचे ना, ते’ अशी करून देतात. रक्त काढणारे वेगळे. ते काढून माझ्याकडे आणून देत. ताप उतरत नसलेल्या माणसाचं थोडं रक्त जंतूंना आवडेल अशा पातळ सुपात घालायचं, बाटली अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायची आणि रोज सकाळी उजेडासमोर धरून बघायची. सूप नितळ राहिलं तर रक्त स्वच्छ. गढूळ झालं तर आत कोणीतरी राहायला आलंय. ते कोण, आणि कुठल्या औषधानं घर सोडेल, एवढं शोधून डॉक्टरांना कळवायचं. सूपही आम्हीच शिजवायचो. वीस वर्षं सूप शिजवणाऱ्या माणसाला घरी चहा करता येत नाही, यावर माझ्या बायकोचा कधीच विश्वास बसला नाही.

ही हकिगत ऐंशीच्या दशकातली. वाशी-नेरुळकडे तेव्हा इमारती आधी आणि रस्ते मागाहून येत होते. खाडीवरची दमट हवा दिवसरात्र खिडकीतून आत. चपलांवर बुरशी, कमरेच्या पट्ट्यावर बुरशी, लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर बुरशी (त्याबद्दल माझी तक्रार नव्हती). सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरसुद्धा ती जाळं विणायची. त्यामुळे एखाद्या रक्ताच्या बाटलीत बुरशी उगवली, तर ती रुग्णाच्या रक्तातली नसून आमच्या हवेतली, असं मी ठरवून टाकलं होतं. अशा बाटल्या इतक्या यायच्या, की ‘नमुना बाहेरून खराब झाला’ हे वाक्य लिहून माझा हात दुखायचा.

म्हणून मी पनवेलहून दोन शिक्के करून आणले. एक, ‘दूषित नमुना. पुन्हा पाठवा.’ दुसरा, ‘तपासले. निर्जंतुक.’ आणि खाली सहीपुरती रेघ. दुसरा शिक्का औषधांच्या साठ्यासाठी. ग्लुकोजच्या बाटल्यांची नवी खोकी आली, की त्यातली एक-दोन उघडून मी तपासायचो, आणि बाकीच्यांवर शिक्का मारलेली लेबलं चिकटवायचो. हे करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. शिक्का होता, म्हणून लेबलं होती.

पोस्टमास्तरांचा कागद घेऊन मी वॉर्डात गेलो, तेव्हा त्यांनी हात पुढे करून तो मागून घेतला. रुग्णाला तपासणी दाखवायची पद्धत नव्हती, पण त्यांच्या चेहऱ्यावर खिडकीमागच्या माणसाचा अधिकार होता.

“अहो, हा शिक्का पाहा. ‘दूषित’ मधला ‘दू’ कुठाय?”

“शाई कमी असेल.”

“शाईला कशाला दोष देता? तुम्ही सरळ दाबता. असा.” आणि त्यांनी सुई टोचलेल्या हातानं हवेत शिक्का मारून दाखवला.

आठ-दहा दिवसांनी ते गेले. आतडं फाटून झालेलं मोठं ऑपरेशन, वय झालेलं, मधुमेह. कोणाला नवल वाटलं नाही. मी तोवर तिरका शिक्का मारायला शिकलो होतो.

त्याच वॉर्डातल्या एका बाईंच्या बाटलीत तशीच बुरशी आली. शिक्का छान उठला. त्या बऱ्या व्हायच्या आधीच घरचे त्यांना मुंबईला घेऊन गेले, पुढचं कळलं नाही. मग आला जाधव. रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर, तिशीतला, टायफॉइडनं आतड्याला भोक पडून ऑपरेशन झालेला. तीन आठवडे सलाईनवर, आणि ताप चढउतार. त्याच्याही बाटलीवर मी शिक्का मारला. ‘पुन्हा पाठवा.’ त्यांनी पुन्हा पाठवलं. पुन्हा तीच.

दुसऱ्या दिवशी शिंदे सिस्टर प्रयोगशाळेत आल्या. सर्जिकल वॉर्ड त्यांच्या ताब्यात होता. मूळच्या सातारच्या, आवाज हळू, पण तो ऐकला की समोरचा माणूस उठून उभा राहायचा.

“काय ओ पेडणेकर, सगळी बुरशी माझ्याच वॉर्डात यायचं काही कारण?”

“हवा दमट आहे सिस्टर.”

“मेडिकल वॉर्डात कोरडी हाय व्हय?”

त्यांनी तिन्ही रुग्णांचा एकेक कागद माझ्यासमोर मांडला. तीन शिक्के, एकाखाली एक. पहिल्यातला ‘दू’ गायब. एवढं दाखवून त्या बाहेर गेल्या. खरं म्हणजे कुठल्याही नवशिक्याला पडावा असा प्रश्न होता: माझ्या हवेतली बुरशी एकाच वॉर्डातल्या बाटल्या निवडून कशी काढते? मी जाधवची बाटली पुन्हा घेतली, थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि पाहिला. भिंगाखाली जांभळे लांबट गोळे, काहींना बाजूला छोटा गोळा चिकटलेला, घागरीवर कळशी ठेवावी तसा. ही चपलांवरची बुरशी नव्हेच. ती केसाळ, धाग्यांची. ही यीस्ट. पावाचं पीठ फुगवणाऱ्या यीस्टची लांबची भाऊबंद, जी आपल्या सगळ्यांच्या तोंडात, पोटात, कातडीवर निमूट राहते. जोरदार औषधांनी तिच्या शेजारचे जंतू मेले, आणि तिला रक्तात शिरायला वाट मिळाली, तर मात्र ती मुक्काम ठोकते. डोळे, मूत्रपिंडं, काही सोडत नाही.

पोस्टमास्तरांची बाटली मी केव्हाच उकळून, धुऊन पुन्हा सुपानं भरली होती.

डॉ. शेख आमचे अधीक्षक. उरणकडचे, चारचौघांत सर्वात कमी बोलणारे. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“किती जण?”

“तीन. तिघांचेही नमुने मी बाद केले होते.”

“वॉर्डात आत्ता सलाईनवर किती आहेत?”

“जाधव धरून सात.”

“मग सहा उरलेत. त्यातला एकही चौथा होता कामा नये. कुठून येतंय ते काढा, पेडणेकर.”

मी निघालो. निर्जंतुक कापसाच्या काड्यांची पेटी काखेत मारून आठवडाभर मी रुग्णालयभर फिरलो. पंख्याची पाती पुसली, पाण्याची टाकी पुसली, सर्जनसाहेबांच्या घड्याळाचा पट्टा पुसला. त्यांना ते आवडलं नाही. कँटीनमधल्या इडलीच्या पिठात यीस्ट सापडली, तेव्हा मी जिन्यावरून धावत वर गेलो. इडलीच्या पिठात यीस्ट सापडणं म्हणजे खाडीत पाणी सापडणं, हे माझ्या लक्षात यायच्या आत कँटीनची इडली दोन दिवस बंद झाली होती. नंतर महिनाभर तिथं माझ्या चहात साखर पडत नसे.

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

वॉर्डात यमुनामावशी आया होत्या. शिरवण्याच्या. त्यांची भातखाचरं नव्या शहरात गेली, आणि त्यांच्या बदल्यात घरात जे आलं त्यात ही नोकरी मुख्य. लादी पुसणं, भांडी धुणं, रुग्णांना पुसून काढणं, दिवसभर हात पाण्यात. सगळ्यांचे हात तपासताना मावशींनी हात पुढे केले आणि मला दिसलं, दोन बोटांना नखुर्डं. नखांच्या कडा सुजलेल्या, पांढरट.

“किती दिवस झाले मावशी?”

“वरीस झाला. पान्यातला काम. दुखत नाय.”

काडीनं थोडं घेतलं, रंगवलं, भिंगाखाली धरलं. जांभळे लांबट गोळे, घागरीवर कळशी.

आता इथं शहाण्या माणसानं काय करायचं? यीस्टच्या डझनावारी जाती. भिंगाखाली सगळ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. ओळखायची तर दोन-तीन दिवस वेगवेगळ्या साखरांवर वाढवून बघायची, आणि सगळ्यात आधी मोडाची तपासणी करायची. यीस्ट अंड्याच्या पांढऱ्यात कालवून दोन-तीन तास उबेत ठेवायची. तिची सर्वात प्रसिद्ध जात असेल तर प्रत्येक गोळ्याला मटकीसारखा मोड येतो. दुसरी असेल तर येत नाही. तीन तास आणि एक अंडं, एवढाच खर्च.

मी तीन तास थांबलो नाही. काच तशीच बशीत ठेवून डॉ. शेखांकडे गेलो आणि म्हणालो, “सापडलं.” दुपारपर्यंत ही बातमी धोब्यापर्यंत गेली. संध्याकाळी मावशींना घरी बसवलं. लेखी काही नाही, फक्त ‘पुढं कळवू’. हजेरीवर काम करणाऱ्या बाईला ‘पुढं कळवू’ म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं.

जाताना त्या प्रयोगशाळेच्या दारात आल्या.

“पेन्नेकर भाऊ, मना सांग. माजे हातानं कोन मेला?”

मी म्हणालो, “तसं नाही मावशी, तपासणी चालू आहे.”

“मंग तपासनी सरायच्या आधी मना कशाला काढला?”

या प्रश्नाला माझ्याकडे शिक्का नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कँटीनमध्ये एक अंडं मागितलं. तिथल्या आचारी महाराजांनी ते माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. एका नळीत जाधवच्या रक्तातली यीस्ट, दुसरीत मावशींच्या नखातली. तीन तासांनी पाहिलं. मावशींच्या यीस्टला एकजात मोड आले होते, उसळ करावी इतके. जाधवची यीस्ट गोटा, एकालाही मोड नाही. मी दुसरं अंडं मागून आणलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन वेगळ्या जाती. मावशींचा काही संबंध नव्हता.

डॉ. शेखांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे काल तुम्ही म्हणालात सापडलं, ते सापडलं नव्हतं.”

“नाही सर. माझी चूक. मावशींना परत बोलवा.”

“बोलावतो. आणि वॉर्डात काय सांगू? नातेवाईक त्यांना खाटेजवळ उभं करणार नाहीत. तुम्ही त्यांचं नाव लावलंय. आता खरं नाव आणा, तेव्हाच ते पुसलं जाईल.” मग म्हणाले, “तोवर जाधवसाठी औषध मागवलंय. मुंबईहून कोणीतरी जाऊन आणायला हवं.”

मी म्हणालो, मी जातो.

बुरशीवरचं ते औषध त्या काळात मोजक्याच दुकानांत मिळे. पिवळी पूड, छोट्या कुपीत. थंड ठेवायची, उजेड लागू द्यायचा नाही. घरचा चहाचा थर्मास बर्फानं भरून, खाडीपूल ओलांडून मी सकाळीच गेलो आणि दुपारी परत आलो. कुपी काळ्या कागदात गुंडाळलेली. औषध मोठं खाष्ट. ते चढवताना रोगी खाट हलेपर्यंत थडथडतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि ते फक्त ग्लुकोजमध्ये मिसळतं. सलाईनमध्ये घातलं तर फाटलेल्या दुधासारखं होतं.

मी कुपी घेऊन वॉर्डातच उभा राहिलो. एवढ्या लांबून आणलेलं, म्हटलं डोळ्यांनी चढलेलं पाहू. जाधवची बायको पायथ्याशी बसली होती. तिनं विचारलं, “हे लागू पडंल ना भाऊ?” मी हो म्हणालो.

शिंदे सिस्टरांनी पूड विरघळवायला सिरिंज उचलली. ट्रॉलीवर एक ग्लुकोजची काचेची बाटली उभी होती. तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली, उशीत टाचणी असावी तशी, वर स्पिरिटचा कापूस. सिस्टरांनी कापूस काढला, सिरिंज त्या सुईला लावली आणि ओढू लागल्या.

“सिस्टर, थांबा. ही कुठली बाटली?”

“ही? पाणपोई.”

“काय?”

“वॉर्डात तेच नाव हाय तिला. इंजेक्शनं पातळ करायला सगळे हिच्यातनंच घेत्यात. नळ्या साफ करायला पण. दिवसपाळी, रातपाळी, सगळे.”

“कधीची आहे?”

“परवा लावली असंल. संपली की दुसरी लावतो. अजून अर्धी हाय, टाकायची कशी?”

मी वाकून पाहिलं. पाणी काचेसारखं नितळ. त्यात काही असेल अशी कोणाच्या मनात शंका येणार नाही. आठवडाभर मी पंखे, घड्याळं आणि इडल्या पुसत होतो, आणि रोज या ट्रॉलीला वळसा घालून जात होतो. का? बाटली फिरवल्यावर कारण दिसलं. मागच्या बाजूला माझं लेबल होतं. ‘तपासले. निर्जंतुक.’ एक अक्षर पुसट नाही. खाली माझी सही.

आणि मग बाकीचंही आठवलं. वर्षभरापूर्वीच्या एका बैठकीत, पाण्याच्या छोट्या कुप्या फोडताना काचेचे कण पडतात, अशी तक्रार सिस्टरांनी केली होती. मी लगेच हात वर केला होता. ग्लुकोजची सीलबंद बाटली वापरा, म्हणालो होतो, रुग्णालयात तिच्याइतकं शुद्ध दुसरं काही नाही, मी स्वतः तपासतो. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या दिवशी घरी जाताना मी बायकोसाठी गजरा नेला होता.

मी तपासत होतो ती सील न उघडलेली बाटली. सुई खोचल्यानंतर तीन दिवस, वीसजणांचे हात लागून, खाडीच्या उकाड्यात उभी असलेली बाटली मी कधीच तपासली नव्हती. गोड पाणी, ऊब आणि वेळ. माझ्या सुपाला मी याहून वेगळं काय देत होतो?

“नवी बाटली फोडा, सिस्टर. आत्ता, माझ्यासमोर. औषध तिच्यातच मिसळा आणि उरलेलं फेकून द्या. ही मी नेतो.”

सिस्टरांना समजलं. त्यांचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत. नवी बाटली, नवी सुई, औषध चढलं. जाधव तासाभरानं थडथडायला लागला, बायकोनं त्याचे पाय धरून ठेवले.

बाटली घेऊन मी निघालो, तशा सिस्टर माझ्यामागे व्हरांड्यात आल्या.

“पेडणेकर. ह्यात निघाली तर?”

“निघणारच.”

“मग ते लेबल काढा की. कुणाला कळणार हाय? बाटली कंपनीची. म्हणू, मालच खराब आला.”

त्या माझ्यासाठीच बोलत होत्या, हे मला कळत होतं. थोडं त्यांच्यासाठीही. कबूल करतो, जिन्याच्या वळणावर मी अंगठ्याच्या नखानं लेबलाचा कोपरा उचलून पाहिला. दमट हवेमुळे डिंक ओला होता, सहज निघालं असतं. कंपनी लांब होती, तिला काही लागलं नसतं. पण माल खराब असता तर सगळ्या वॉर्डांत बुरशी निघायला हवी होती. पुढच्या तपासणीत ते उघडं पडलं असतं, आणि मग बोट परत कोणाकडे वळलं असतं, ते सांगायला ज्योतिषी नको होता. नखुर्डं अजून बरं झालेलं नव्हतं. मी कोपरा परत दाबून बसवला.

पुढचे तीन दिवस मी शहाण्या माणसासारखा वागलो. पाणपोईच्या पाण्यात यीस्ट निघाली. मोड नाही. साखरांवर वाढवली; ज्या साखरा जाधवच्या यीस्टनं खाल्ल्या त्याच हिनं खाल्ल्या, ज्या त्यानं टाकल्या त्या हिनंही टाकल्या. त्याच खोक्यातल्या न उघडलेल्या दहा बाटल्या तपासल्या, दहाही स्वच्छ. दोन्ही यीस्ट मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. त्यांनीही एकच जात म्हणून कळवलं. आणि पाणपोईत ती कोणाच्या हातून गेली असावी, हे पाहायला सगळ्यांच्या हातांचे नमुने नव्यानं नीट तपासले. ती जात पाचजणांच्या हातांवर होती. पाचवा हात माझा, उजवा अंगठा. लेबलं दाबणारा.

डॉ. शेखांनी सगळ्यांना बोलावलं. सर्जन, सिस्टर, परिचारिका, दाराशी आया आणि वॉर्डबॉय. मी बाटली टेबलावर ठेवली, लेबल त्यांच्या बाजूला करून. जे घडलं ते क्रमानं सांगितलं, बैठकीत मीच हात वर केला होता इथपासून. वॉर्डात बाटली तीन दिवस चालते हे सिस्टरांनी लपवलं नव्हतं. बाटली उघडल्यावर किती वेळ चालेल हे मीच सांगितलं नव्हतं. यमुनामावशींच्या नखातल्या यीस्टचा या प्रकाराशी संबंध नाही, आणि ते नाव तपासणी पूर्ण न करता मी घेतलं, हेही सांगितलं.

मग सर्जनसाहेब, ज्यांच्या घड्याळाचा पट्टा मी पुसला होता, म्हणाले, “पेडणेकर, शिक्के मारायची एवढी हौस होती, तर पोस्टात जायचं होतं.”

एक-दोघं हसले. मीही हसणार होतो, सवयीनं. मग आठवलं. त्यांनाही तेव्हाच आठवलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि समोरचा कागद सरळ केला. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं.

पोस्टमास्तर बुरशीनंच गेले का, हे कोणी सांगू शकत नाही. डॉ. शेख मला नंतर म्हणाले, “त्यांचं काहीच धड नव्हतं. औषध दिलं असतं तरी कदाचित.” ते दयाळू माणूस होते. पण ‘कदाचित’ या शब्दाला दोन बाजू असतात आणि मला एकच बाजू धरून झोपता येत नसे. त्यांच्या बाटलीतली ती बुरशी मी हवेवर ढकलली नसती, तर पाणपोई महिनाभर आधी बंद झाली असती. एवढं तरी मला नक्की माहीत आहे.

वॉर्डातली पाणपोई त्याच दिवशी गेली. प्रत्येक रुग्णाला वेगळी कुपी, फोडल्याची वेळ तिच्यावर पेननं लिहायची, उरलं ते टाकायचं. सुई बुचात ठेवायची नाही. उरलेल्या सहांपैकी कोणाच्याच रक्तात काही आलं नाही. जाधव तो पिवळा मार बरेच दिवस सोसत राहिला, आणि एका सकाळी त्यानं बायकोकडे पाव मागितला. यीस्टचाच तो, पण मी काही बोललो नाही.

मावशींना बोलवायला शिपाई पाठवणार होते. मी म्हटलं, मी जातो. शिरवण्यात त्यांचं घर शोधायला अवघड नव्हतं. मागे नव्या इमारतींची रांग, पुढे अंगणात वाळत घातलेले बोंबील. त्या भांडी घासत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, शिक्का, लेबल, अंगठा, सगळं. त्यांनी भांडं पालथं घातलं.

“म्हंजे त्यो तुजा जंतू.”

“माझ्या हातावर होता. आणखी चौघांच्या होता.”

“आन तुला कोनी घरी नाय बसवला.”

“नाही.”

“बरा हाय.” त्या हात पुसत उठल्या. “मी येन. पन सगल्यांसमोर सांग, ज्यांच्यासमोर काढला त्यांच्यासमोर.”

“सांगितलं मावशी.”

“मी होतू तिथं?”

नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात, रुग्णांचे नातेवाईक भेटायला आलेले असताना, मी त्यांच्याशेजारी उभा राहून पुन्हा सगळं सांगितलं. बोलणाऱ्या माणसाला भाषण कधी जड जात नाही असं मला वाटायचं. त्या दिवशी गेलं. बोलून झाल्यावर मावशींनी बादली उचलली आणि जाधवच्या खाटेखालची लादी पुसायला घेतली. जाधवच्या बायकोनं पाय वर घेतले. डॉ. शेखांनी मावशींना रबरी हातमोजे मागवून दिले, नखुर्डं दोन महिन्यांत बरं झालं.

तेव्हापासून मावशींना एक खोड लागली. वॉर्डात कुठलीही बाटली दिसली, औषधाची, शाईची, डॉक्टरांच्या सरबताची, की उचलून विचारायच्या, “ही कदी उघडली?” नव्या परिचारिका हसायच्या. पण उत्तर द्यायच्या. मी संसर्गाबद्दल पुढे बरीच व्याख्यानं दिली, फळ्यावर आकृत्या काढून. त्या तीन शब्दांपेक्षा जास्त मी काही सांगितलं असेन असं वाटत नाही.

शिक्क्यांचं म्हणाल तर ‘निर्जंतुक’चं रबर मी ब्लेडनं काढून टाकलं. ‘दूषित’चा ठेवला, पण वापरला नाही. त्यानंतर कोणत्याही रक्तात बुरशी आली की कागद बाजूला ठेवून आधी वॉर्डात जायचो आणि रुग्णाचा चेहरा बघून यायचो. बरेचदा ती खरंच हवेतली निघायची. फेरी वाया गेली असं मला कधी वाटलं नाही.

मी निवृत्त झालो त्या दिवशी छोटा समारंभ झाला. शिंदे सिस्टर तोवर साताऱ्याला परत गेल्या होत्या, त्यांचं पत्र आलं होतं. मावशीही माझ्याआधीच निवृत्त झालेल्या. तरी आल्या, नातीला घेऊन. पिशवीतून कोकमाच्या सरबताची बाटली काढली, बुचावर मेण लावून बंद केलेली. ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.

“बघ. शील हाय?”

“आहे.”

त्यांनी सुरीच्या टोकानं मेण काढलं, बूच उघडलं, पेल्यात ओतलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ मोठ्यानं सांगितली, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू जाईल.

“आता पी. आन उरली तं उंद्या नको पिऊ.”

मी दोन पेले प्यायलो. उरलेलं सगळ्यांना वाटून टाकलं.